डावा गाल

मला न विचारता माझा फोटो काढला, प्रदर्शनात टांगला, आणि वर लोकांनी मलाच येऊन सांगायचं, "वैजयंताताई, काय झकास आलाय हो!" डोंबलाचा झकास. त्या फोटोनं माझ्या हातातलं स्टिअरिंग काढून घेतलं.

मी वैजयंता घोरपडे, घाटमाथा परिवहनची ड्रायव्हर. सातारा, मेढा, महाबळेश्वर. मध्ये केळघरचा घाट. बेचाळीस सीटची विजेवरची गाडी, अठरा वर्षं, एक ओरखडा नाही. एकदा एक म्हैस स्वतःहून येऊन बंपरला अंग घासून गेली, तेवढीच काय ती माझ्या नावावर नोंद. माझा नवरा जालिंदर त्याच डेपोत, त्याच रूटवर. एक गाडी वर जाताना दुसरी खाली येते आणि मेढ्याच्या स्टँडवर आमची दहा मिनिटं गाठ पडते, तिथंच आमचं लग्न जुळलं होतं. आता ते आठवलं तरी डोकं फिरतं.

फोटो काढणारे तारळेकर सर. विश्राम तारळेकर, निवृत्त चित्रकला शिक्षक, वय सत्तरच्या पुढं. अजून जुना फिल्मचा कॅमेरा वापरतात आणि काळे-पांढरेच फोटो काढतात. त्यांची रीत अशी की आधी जागा हेरायची. भिंत, सावली, उजेड असं सगळं बघून चौकट पक्की करायची आणि मग बगळ्यासारखं तास तास उभं राहायचं, कोणीतरी आपणहून त्या चौकटीत येईपर्यंत. आलं की खटक. माणसाला पत्ताच नसतो.

तशी मी त्यांच्या चौकटीत गेले. मेढ्याच्या स्टँडवर, चहाच्या टपरीपाशी, मागं चुन्यानं पांढरीफक्क केलेली भिंत. हातात बशी, टोपी काखेत, आणि कुठंतरी बाजूला बघत मी हसायच्या अगदी बेतात. फोटोत मी एकटीच. प्रदर्शनात जालिंदर त्या फोटोसमोर उभा राहून म्हणाला होता, "एकटीचाच आहे म्हणून कसा उठून दिसतोय बघ." मला बरं वाटलं होतं. खोटं कशाला सांगू?

प्रदर्शनाच्या दारात सरांनी पाटी लावलेली: 'न कापलेले, न छेडलेले'. त्या पाटीचा त्यांना कोण गर्व!

जूनमध्ये डेपो मॅनेजर शेडगे साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"बसा घोरपडे."

"उभी बरी आहे साहेब. गाडी लागलीय."

"गाडी पवार नेतील." साहेबांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझा तोच फोटो. डाव्या गालावर लाल चौकोन, खाली लिहिलेलं: डावी बाजू, शक्यता अठ्ठ्याऐंशी टक्के. "बेसावध चाचणीत तुमचं नाव आलंय."

ही बेसावध चाचणी काय ते मला डॉक्टरनं तीनदा समजावलं, म्हणून सांगू शकते. आपण फोटोसाठी हसतो ते हसू मेंदू एका वाटेनं धाडतो, आणि खरंच हसू फुटतं ते दुसऱ्या वाटेनं. कंपवाताचा आजार आधी ती दुसरी वाट कुरतडतो, आणि बहुतेक वेळा चेहऱ्याच्या एकाच बाजूनं सुरुवात करतो. हाताला कंप सुटायच्या सात-आठ वर्षं आधी. पुण्याच्या एका प्रयोगशाळेनं जुने हजारो फोटो जमवले, ज्यांना पुढं हा आजार झाला अशा माणसांचे, कोणी पंगतीत जेवताना, कोणी बाजारात भांडताना, आणि यंत्राला शिकवलं. नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत जी घडी पडते ना, ती दोन्हीकडं सारखी उमटते का, एवढं ते बघतं. कॅमेऱ्याकडं बघून हसलेला फोटो यात चालत नाही.

मोबाइलचा तर नाहीच. मोबाइल फोटो काढता काढताच चेहरा गुळगुळीत करतो, दोन्ही बाजू सारख्या करून ठेवतो. दहा वर्षं झाली, कोणाच्याच मोबाइलमध्ये कोणाचा खरा चेहरा नाही. फिल्मवर मात्र उजेड पडला तेवढी चांदी काळी होते, बस्स. तिला कोणाला सुंदर करायची हौस नसते. म्हणून तारळेकर सरांसारख्या रस्त्यावरच्या फोटोवाल्यांना एकाएकी भाव आला. सरांच्या घरी प्रयोगशाळेनं निकाल थेट डेपोला धाडणारं यंत्र आणून बसवलं, आणि "फोटोला हात लावलेला नाही" असं सरांनी सही करून लिहून दिलं.

"मी डॉक्टरला दाखवते की," मी म्हणाले.

"दाखवा. पण आज तुम्ही ठणठणीत आहात हे आम्हालाही माहितीय. प्रश्न पुढचा आहे."

"मग दुसरा फोटो काढा माझा. आत्ता काढा!"

साहेबांनी मान हलवली. "तुम्हाला आता कळलंय. कळलेला माणूस बेसावध राहत नाही. आधीचा फोटो असेल तरच चालतो." आणि कोणीतरी फिल्मवर काढलेला माझा तो एकच फोटो होता.

डॉक्टरनं हातोड्या मारून, बोटं नाचवायला लावून सगळं तपासलं. म्हणाला, काही नाही. पण पुढं होणार नाही असं लिहून द्यायला तयार होईना.

घरात काय झालं ते सांगते. माझी मुलगी केतकी दहावीला. रोज माझ्या स्कूटरवर मागं बसून क्लासला जायची. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "मी चालत जाते गं, तेवढाच व्यायाम." व्यायाम! जी पोरगी पाण्याचा तांब्या भरायला उठत नाही तिला व्यायाम आठवला. मी चावी खुंटीला लावली आणि मोरीत जाऊन रडले.

आणि जालिंदर. तो माझ्याकडं बघत बसायचा. जेवताना, कपडे वाळत घालताना, टीव्ही बघताना. एकदा घड्याळ हातात धरून बसलेला.

"काय चाललंय अहो?"

"पापण्या मोजतोय तुझ्या. मिनिटाला अकरा. पंधरा तरी हव्यात, या आजारात त्या कमी होतात."

"पोळ्या लाटताना कोण पापण्या मिचकावतं? तुमचा घास तुम्ही गिळा."

दोन दिवसांनी मी दूध तापत ठेवून गच्चीवरचे कपडे आणायला गेले. दूध करपल्याचा वास मला गच्चीपर्यंत आला. धावत खाली आले तर हा शेगडीपासून दोन हातांवर टेबलाशी बसून वाणसामानाची यादी लिहितोय, आणि पातेल्याचा कोळसा झालेला.

"दूध ठेवून विसरलीस," तो शांतपणे म्हणाला. "हेही लक्षण असेल."

मला एवढी लाज वाटली की मी गुमान पातेलं घासायला घेतलं. राग निघाला तो त्याच्या यादीवर. पूर्वी याचं अक्षर लग्नपत्रिकेवर शोभेल असं टपोरं होतं. हल्ली सुरुवात बरी करायचा आणि तिसऱ्या ओळीला मुंग्या. "हे काय, डाळ आहे की डालडा? वाण्याला भिंग द्यायचं का सोबत?" मी ओरडले. त्यानं यादी ओढून घेतली आणि खिशात कोंबली.

गावात तर आणखी वेगळाच तमाशा. माणसं तोंडाला रुमाल बांधून फिरायला लागली. स्टँडवर सगळे ड्रायव्हर रुमालात, जालिंदरही. लग्नाच्या पंगतीत कोणी हसेना. मोती चौकात सरांच्या गळ्यात कॅमेरा दिसला तर भाजीवाल्या बायकांनी त्यांच्या अंगावर सडके टोमॅटो फेकले, आणि त्यांच्या खिडकीची काच कोणीतरी दगडानं फोडली. ऐकून मला गार वाटलं.

पण घरी बसून बसून करायचं काय? मी तो फोटो बघत बसायची. प्रदर्शनाच्या पुस्तकात छापलेला. लाल चौकोन नसलेला. आणि एका सकाळी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अगं वैजे, ऊन!

आमची गाडी मेढ्याला साडेआठला लागते. टपरीपाशी मी नेहमी एकाच जागी उभी राहते, आणि साडेआठचं ऊन थेट माझ्या डाव्या गालावर येतं. अठरा वर्षं मी डावा डोळा बारीक करून तिथं चहा पितेय. ड्रायव्हरला दुसरं काही कळो न कळो, ऊन कुठून येतं ते कळतं. मग फोटोत माझा डावा गाल काळपट कसा?

तशीच उठले आणि शनिवार पेठेत सरांच्या दारात जाऊन उभी राहिले. फुटक्या काचेला पुठ्ठा लावलेला.

"कोण?" आतून घाबरलेला आवाज.

"तुमचा झकास फोटो!"

दार किलकिलं झालं. सर वाळलेले, दाढी वाढलेली. "हे बघा बाई, मी फक्त फोटो काढला. चाचणी माझी नाही."

"ऊन डावीकडून होतं सर. गाल काळा कोणी केला?"

 चोरी पकडल्यावर शाळेतलं पोर जसं बुटांकडं बघतं तसे ते पायांकडं बघायला लागले.

"मी फोटोला हात लावत नाही," ते म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

"मग दाखवा निगेटिव्ह. नाहीतर मी इथंच पायरीवर बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते. आवाज कसा आहे माझा ते तुम्हाला माहीत नाही. घाटात हॉर्न बिघडला तरी माझी गाडी अडत नाही."

त्यांनी मला आत घेतलं. मागच्या खोलीत खिडक्यांना काळं कापड, तांबडा दिवा, आणि व्हिनेगरसारखा आंबूस वास. सर बोलायला लागले ते थांबेचनात. चाळीस वर्षांत हे कोणाला सांगितलं नव्हतं म्हणे.

"निगेटिव्हमधून कागदावर उजेड पाडतो तेव्हा कधी कधी हाताच्या ओंजळीतून एखाद्या भागाला जास्तीचा उजेड द्यावा लागतो. जास्त उजेड मिळाला की कागद तिथं जास्त काळा होतो. सगळेच करतात. मी तुमच्या गालाला आठ सेकंद जास्त दिले."

"का? माझ्या गालानं तुमचं काय घोडं मारलं होतं?"

"गाल उन्हात पांढरा, मागची भिंत पांढरी. तुमचा चेहरा भिंतीत विरघळत होता. चौकटीचा तोल जात होता."

तोल! याच्या चौकटीचा तोल सावरायला माझ्या गालावरची घडी त्या काळ्यात बुडाली, यंत्राला सापडली नाही, आणि यंत्रानं ठरवलं की गाल हलतच नाही. मला त्या म्हाताऱ्याला हाणावंसं वाटलं. खरंच वाटलं.

"आता माझ्यासमोर त्याच निगेटिव्हवरून नवा काढा. आठ सेकंद न देता."

"तो पाठवला तर मला लिहून द्यावं लागेल, की आधी खोटं लिहिलं होतं." सरांचे डोळे भरले. "माझे सगळे फोटो बाद होतील. चाळीस वर्षं, बाई."

"होऊ देत बाद! तुम्ही भिंतीवर टांगायला फोटो काढलेत, मी त्यापायी रोजचं जगणं गमावून बसलेय. आधी काढा."

त्यांनी काढला. ट्रेमधल्या पाण्यासारख्या औषधात पांढरा कागद हलत होता, आणि हळूहळू मी दिसायला लागले. बशी. टोपी. गालावर ऊन, आणि त्या उन्हात स्पष्ट घडी. देवाशप्पथ, तिथंच बसकण मारावीशी वाटली.

मग कागदाची उजवी कड भरायला लागली. काळा स्वेटर. खांदा. एक चेहरा.

जालिंदर होता.

मी ज्याच्याकडं बघून हसायच्या बेतात होते तो हाच. मला आठवलंसुद्धा. म्हशीचाच किस्सा सांगत होता, म्हशीच्या आवाजात. फोटोत तो खदखदून हसत होता, पण अर्धाच. तोंडाची डावी बाजू कानापर्यंत गेलेली, आणि उजवी बाजू जणू दुसऱ्याच कोणाची, काही न ऐकलेली.

"पुस्तकात हे नाहीत," मी म्हणाले. 

"म्हणून तर सगळं बिघडलं." सर कागद चिमट्यानं उचलत म्हणाले. "प्रदर्शनाआधी ज्याचा फोटो त्याला मी एक प्रत नेऊन देतो, माझी पद्धत आहे. तुम्ही ड्यूटीवर होता, मिस्टर भेटले. बराच वेळ बघत उभे राहिले. मग म्हणाले, मला काढून टाका, तिचा एकटीचाच ठेवा. मी कधी कापत नाही. पण त्यांनी हात जोडले हो. आणि तो काळा स्वेटर गेल्यावर त्या बाजूला नुसती भिंतच उरली. म्हणून तुमच्या गालाला वजन द्यावं लागलं."

मी त्यांना फोटो यंत्राखाली ठेवायला सांगितला. दोन चौकोन उमटले. माझा हिरवा: दोष नाही. त्याचा लाल: उजवी बाजू, शक्यता ब्याण्णव टक्के. खाली 'पाठवा' असं बटण.

"फक्त माझा पाठवता येतो?"

"नाही. तेव्हा कापलेला चालला, पण कडांसकट पूर्ण चौकट लागते आता. एकही चेहरा झाकता येत नाही."

दुधाचा वास. मुंगीएवढं अक्षर. स्टँडवरचा रुमाल. आजाराची ही लक्षणं डॉक्टरनं मला विचारली होती: वास येतो का, अक्षर बारीक झालंय का? मी नाही नाही म्हणत गेले होते, आणि जे माझ्याजवळ नव्हतं ते सगळं टेबलाच्या पलीकडं बसलं होतं.

"थांबा सर. मी फोन करते," मी म्हणाले आणि निघाले.

चारची महाबळेश्वरची गाडी सातारा स्टँडवर लागलेली होती. निम्मी गाडी भरलेली. जालिंदर सीटवर, तोंडाला रुमाल. मी दाराच्या पायरीवर चढले.

"तू इथं?" तो दचकला.

"पापण्या पंधरा हव्यात हे कोणी सांगितलं?"

"काय?"

"मिनिटाला पंधरा. डॉक्टरनं मला सांगितलं नाही, साहेबांनी सांगितलं नाही. तुम्हाला कसं माहीत?"

त्यानं स्टिअरिंगवरचा उजवा हात मांडीवर घेतला आणि डाव्या हातानं दाबून धरला. "घरी बोलू वैजे."

"इथंच बोल." लग्नानंतर पहिल्यांदा मी त्याला अरेतुरे केलं, आणि तेही भरल्या गाडीत. "तारळेकरांकडून येतेय. पूर्ण फोटो बघून."

तो रस्त्याकडं बघत राहिला. मग इतक्या हळू बोलला की मला वाकावं लागलं. "दीड वर्ष झालं. आरशासमोर मोजतोय. आधी दहा होत्या."

"आणि मला मोजत बसलास? दूध तुझ्या नाकाखाली करपलं आणि मला लक्षण म्हणालास? केतकी माझ्या मागं बसत नाही, दिसलं नाही तुला?"

"तुझं नाव आलं तेव्हा बरं वाटलं मला," तो म्हणाला. "खरं सांगतो. वाटलं, आपण एकटे नाही. दोघं मिळून काढू."

माझ्या अंगाची आग आग झाली. कीव आली असती, कोणत्याही दुसऱ्या दिवशी आली असती. "तू चौकटीतून बाहेर पडलास, जालिंदर, म्हणून माझा गाल काळा झाला. आणि स्वतःचं दुखणं कळल्यावरसुद्धा तू घाट उतरतोयस. बेचाळीस माणसं घेऊन!"

"गाल काळा केला ते मला माहीत नव्हतं. आईची शपथ. आणि निम्मी गाडी आपली आपण चालते हल्ली."

"केळघरच्या वळणांना चालते? मला सांगतोस?"

मागून एक आजोबा ओरडले, "ओ ड्रायव्हर, चार वाजून गेले!"

"साहेबांकडं जा," मी म्हणाले. "तूच सांग. तू सांगितलंस तर मी फोटो पाठवणार नाही. माझं माझं बघेन."

त्यानं माझ्याकडं बघितलं. एक क्षण वाटलं, उठतोय. मग त्यानं दार बंद करायचं बटण दाबलं.

दार माझ्या खांद्यावर आपटून उघडलं. मी पायरीवरून हलले नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा आपटलं. मी तशीच उभी राहून फोन लावला.

"सर, पाठवा."

 सर म्हणाले, "पाठवतो. दारावरची पाटीही काढतो."

यंत्राला विचार करायला वेळ लागत नाही. ड्रायव्हरपुढचा पडदा विझला आणि त्यावर अक्षरं आली: चालक बदला. जालिंदर ती वाचत बसला, जशी काही ती दहा-बारा पानं होती. पाच मिनिटांनी शेडगे साहेब धापा टाकत आले. हातात माझं ड्रायव्हरचं कार्ड.

"घोरपडे, तुमचं झालं मोकळं. पण ही गाडी..." त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा त्याच्याकडं.

"मी नेते," मी म्हणाले.

जालिंदर उतरला नाही. माझ्या मागच्या पहिल्या सीटवर जाऊन खिडकीशी बसला. का ते मी विचारलं नाही. घरी जाऊन त्याला कोणाला तोंड दाखवायचं नसेल. मी साडीवरच सीटवर बसले, सीट पुढं घेतली, आरसा माझ्या उंचीला लावला. स्टिअरिंगवर त्याच्या हाताची ऊब होती. ती जाईपर्यंत मी गाडी सोडली नाही.

मेढ्याला थांबले, चहा प्यायला उतरले नाही. आरशात बघायचं नाही असं ठरवलं होतं. पण घाटात आतला आरसा बघावाच लागतो, गाडीतलं कोण उभं आहे, कोण तोल जाऊन पडतंय ते कळायला.

तिसऱ्या वळणावर बघितलं. रुमाल गळ्यात उतरलेला. तो दरीकडं बघत होता, मी बघतेय हे त्याला ठाऊक नव्हतं. तिसऱ्या वळणापासून चौथ्या वळणापर्यंत बरोबर एक मिनिट लागतं.

मी त्याच्या पापण्या मोजल्या. पाच.